फावड्याआधी फडकं: वाफेच्या रेल्वेवर स्वयंसेवक व्हायचं असेल तर

"घरात चार कप विसळायचे म्हटले की यांची पाठ धरते, आणि तिकडे जाऊन अख्खं इंजिन घासतात," असं आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. खोटं नाही ते. गेली सात वर्षं, महिन्यातले दोन शनिवार, मी इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका जुन्या वाफेच्या रेल्वेवर राबायला जातो. पगार नाही. उलट सभासदत्वाची वर्गणी दरवर्षी मीच भरतो. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या पगाराचे हिशेब करतो, त्यामुळे या व्यवहारातली गंमत मला जरा जास्तच कळते.

इथल्या मराठी मंडळींत हे समजलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग इंजिन चालवायला कधी मिळतं?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. थोडक्यात उत्तर असं, की इंजिन चालवायचंच असेल तर बऱ्याच रेल्वे एका दिवसाचा सशुल्क अनुभव देतात. पैसे भरा, शेजारी ड्रायव्हर उभा राहील, रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा) ओढा, फोटो काढा आणि घरी जा. त्यात वाईट काहीच नाही. स्वयंसेवक व्हायचं म्हणजे मात्र निराळा मामला आहे. तिथे हातात आधी फडकं येतं, कोळशाचं फावडं फार नंतर.

हा प्रकार इथे इतका रुजला कसा, तेही थोडं सांगतो. 1951 साली वेल्समध्ये टॅलिलिन नावाची, स्लेटचा दगड वाहून नेणारी एक चिमुकली रेल्वे बंद पडायच्या बेतात होती. हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ती पहिली जतन केलेली रेल्वे. मग 1960 मध्ये ससेक्समधली ब्लूबेल आणि लीड्सची मिडलटन. ऑगस्ट 1968 पर्यंत ब्रिटिश रेल्वेने मोठ्या रुळांवरची वाफेची सगळी इंजिनं निवृत्त केली. त्यातली काही दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याकडे गेली. तिथे ती वर्षानुवर्षं समुद्राच्या वाऱ्यात गंजत उभी राहिली, आणि नशीब म्हणजे तोडायची राहून गेली. लोकांनी वर्गण्या काढून एकेक करत त्यातली 213 इंजिनं सोडवून आणली. आज तुम्ही ज्या इंजिनावर फडकं फिरवाल, ते कदाचित त्या भंगारातूनच आलेलं असेल. आणि ज्यांनी ते आणलं ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, गुडघे बोलायला लागलेत. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्या नवख्यांची गरज खरीच आहे, कोणी उपकार म्हणून घेत नाही.

रेल्वे निवडताना सगळ्यात प्रसिद्ध कोणती हे बघू नका, घरापासून किती लांब आहे ते बघा. सकाळी साडेपाचला शेडमध्ये हजर व्हायचं तर घरून साडेतीनला निघणं दोन शनिवार जमतं, तिसऱ्या शनिवारी गादी सोडवत नाही. माझी शेड पस्तीस मिनिटांवर आहे, म्हणूनच मी सात वर्षं टिकलो. मोठ्या रेल्वेवर प्रशिक्षण शिस्तशीर असतं, पण रांगही मोठी. छोट्या रेल्वेवर सगळेच सगळं करतात, त्यामुळे हात लवकर काळे होतात. आधी सरळ तिकीट काढून प्रवासी म्हणून जा. स्टेशनवरची माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते कान देऊन ऐका. नव्या पोराला समजावून सांगतात की खेकसतात, एवढं कळलं तरी पुरे.

अर्जात कशात गती आहे हे खरं लिहा. मी 'हिशेब येतो' असं लिहिलं आणि फसलो. तीन महिने मला खजिनदाराच्या खोलीतून बाहेरच पडू देईनात! सभासदत्व घ्यावं लागतं, ते बऱ्याच ठिकाणी विम्याशी जोडलेलं असतं. गाडीच्या सुरक्षिततेशी संबंध येणारं काम हवं असेल तर डोळे, कान आणि रंग ओळखण्याची तपासणी होते. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर फूटप्लेटचा, म्हणजे इंजिनावर ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या जागेचा, विचार तिथेच थांबतो, पण वर्कशॉप आणि डब्यांची दुरुस्ती खुली असते. या रेल्वेंवर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 25 मैल. वेग कमी म्हणून नियम सैल असतील, या भ्रमात राहू नका. देखरेख करणारं सरकारी खातं तेच, जे मोठ्या रेल्वेवर नजर ठेवतं. नियमांचं पुस्तक पाठ करावं लागतं, परीक्षा होते, आणि आदल्या रात्रीची पार्टी दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीत उतरलेली कोणी खपवून घेत नाही.

मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उत्साहाने थेट माझ्याबरोबर यायला निघाले होते, म्हणून सांगतो. व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण 30 दिवसांपर्यंत, आणि तो तुमच्या येण्याचा मुख्य हेतू असता कामा नये. काही रेल्वे कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात, काही धर्मादाय म्हणून, काहींच्या दोन्ही संस्था असतात. तुम्ही नक्की कोणासाठी राबणार हे आधी विचारा, आणि व्हिसाचे नियम त्या वेळी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. विद्यार्थी आणि नोकरीच्या व्हिसावाल्यांनीही तेच करावं.

आता कपडे. ओव्हरऑल सुतीच घ्या. नायलॉनमिश्रित कापडावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. बूट पुढे पोलादी टोपी असलेले आणि घोट्याच्या वर येणारे. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा. बायकांनी बांगड्या आणि मंगळसूत्रही काढून यावं. ओढणी, मफलर, लोंबणारं काहीही नको. रुळांजवळ जायचं तर वर नारिंगी जाकीट. आणि रूळ ओलांडताना रुळावर पाय ठेवायचा नाही, तो ओलांडायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने रुळावर चढून उभा राहिलो तेव्हा मागून जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

पहिला दिवस म्हणजे फडकं. आमच्या शेडमधलं नेहमीचं इंजिन पॅनियर टँक जातीचं आहे. बॉयलरच्या दोन्ही बाजूंना, घोड्याच्या पाठीवर गोण्या टाकाव्यात तशा, पाण्याच्या टाक्या. या जातीतल्या 5700 नावाच्या वर्गाची 863 इंजिनं बांधली गेली होती. हिरव्या रंगावर निराळं फडकं, दांड्यांवर निराळं, रॉकेलचं निराळं, तेलाचं निराळं. एकाचं दुसऱ्याला लावलंत तर राखेचे कण रंगावर ओरखडे काढतात. वरून खाली पुसत यायचं, चाकं शेवटी.

इंजिनाच्या खाली जायचं असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ड्रायव्हरला विचारायचं, 'हलवू नये' असा फलक इंजिनावर लावायचा, हातब्रेक आवळलेला आहे, चाकाला पाचर आहे, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मधोमध आहे आणि सिलिंडरच्या निचऱ्याच्या तोट्या उघड्या आहेत हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. वाफ थोडी जरी झिरपत असली तरी सिलिंडरमध्ये साठून इंजिन आपोआप हातभर सरकू शकतं. हातभर पुरतं.

मला पहिले चार महिने हे पुसणं म्हणजे शिक्षा वाटायची. मग एका नोव्हेंबरच्या सकाळी, इंजिनाखालच्या खड्ड्यात उभा राहून ब्रेकच्या दांड्या पुसताना, फडकं दर वेळी जिथे अडायचं तिथे अडलं नाही. तिथे एक स्प्लिट पिन असायची, तिच्या वळवलेल्या टोकांत चिंधीचे धागे हमखास गुंतायचे आणि मी दर वेळी मनातल्या मनात तिला शिव्या घालायचो. त्या दिवशी धागे गुंतले नाहीत. बॅटरी लावून पाहिलं तर पिनच नव्हती, नुसतं भोक. वरच्या बाजूला गेलो आणि ड्रायव्हरला सांगितलं. ते पंच्याहत्तरीचे गृहस्थ काही न बोलता खाली उतरले, बोटाने भोक चाचपलं, वर येऊन नवी पिन आणली, माझ्याच हातून बसवून घेतली आणि दोन्ही टोकं वळवायला लावली. मग म्हणाले, "नॉट बॅड." इंग्रज माणसाच्या तोंडचं 'नॉट बॅड' म्हणजे आपल्याकडे शाल-श्रीफळ समजा. तेव्हापासून मी नव्या माणसाला सांगतो, की पुसायला दिलंय ते चकाकण्यासाठी नाही, बोटांना इंजिन पाठ व्हावं म्हणून दिलंय.

पायऱ्या अशा असतात: आधी क्लीनर, मग परीक्षा देऊन अधूनमधून फावडं हाती धरू दिलेला पास्ड क्लीनर, मग फायरमन, अधूनमधून गाडी चालवू दिलेला पास्ड फायरमन आणि शेवटी ड्रायव्हर. मी सात वर्षांत फायरमनपर्यंत आलो. ड्रायव्हर होईनच असं नाही, आणि त्याचं दुःखही नाही.

आगीचं काम ज्यांच्या घरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता त्यांना चटकन समजेल. बंबात मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा केलेला बंब, फक्त एका नळीऐवजी शेकडोभर नळ्या, आणि झाकण घट्ट. आमच्या पॅनियरमध्ये दर चौरस इंचाला 200 पौंड दाब असतो, त्या दाबाला आतलं पाणी जवळपास 200 अंश सेल्सिअसवर असतं. बंबाला विसरलात तर पाणी उतू जातं. इथे विसरायची सोय नाही.

म्हणून काडी ओढायच्या आधी पाणी बघायचं. काचेच्या नळीत पातळी दिसते, पण दिसली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. तोट्या बंद करून, खालची उघडून, काच रिकामी करून ती पुन्हा भरते का ते बघायचं. तुंबलेली काच सुखाची खोटी पातळी दाखवते. पाणी फायरबॉक्सच्या माथ्याखाली गेलं तर तिथे बसवलेल्या बुचातलं शिसं वितळतं आणि वाफ आगीवर सुटून बोंब मारते. ती वेळ आणणाऱ्या फायरमनला चहासुद्धा कोणी विचारत नाही.

नंतर आदल्या दिवसाची राख आणि खंगर काढायचे, धुराच्या पेटीतली काजळी उपसायची, मग लाकडं, तेलात बुडवलेल्या चिंध्या, त्यावर कोळसा. घाई करायची नाही. थंड बॉयलर भराभर तापवला तर पत्रे आणि नळ्या कमी-जास्त फुगतात आणि सांधे गळायला लागतात. त्यामुळे पार थंड इंजिनाला आदल्या दिवशीच मंद आग देऊन ठेवतात.

गाडी सुटली की नवशिक्याची एकच चूक असते: भीतीपोटी दाबून कोळसा भरणं. माझ्या पहिल्या फेरीत मी तेच केलं. धुराड्यातून काळाकुट्ट धूर, दाबाचा काटा खाली, आणि चढ समोर. जाळ गुदमरला की कोळसा असूनही उष्णता नाही, चुलीत एकदम चार लाकडं कोंबल्यावर होतं तेच. थोडं थोडं आणि सारखं टाकायचं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत थर जाड, पुढे पातळ. भट्टीत बघवत नाही इतका पांढरा उजेड असतो. तेव्हा फावडं उलटं करून दारात धरायचं, आत जाणारी हवा त्याच्या पात्यावरून खाली वळते आणि क्षणभर आगीचा तळ दिसतो. कुठे काळा डाग आहे, कुठे भोक पडलंय, ते तेवढ्यात टिपायचं आणि पुढचं फावडं तिथेच टाकायचं. धुराड्यावर फिकट करडी झाक असली की समजायचं, बरं चाललंय. काळा धूर म्हणजे कोळशाची राखरांगोळी. आणि कोळसा आता जवळचा राहिलेला नाही. दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडफिलजवळची फोस-य-फ्रान ही खाण 2023 मध्ये बंद झाली, तेव्हापासून बहुतेक कोळसा बोटीने येतो. फुकट घालवलात तर ओरडा खाल.

एक नियम मात्र पाठच हवा. ड्रायव्हर वाफ बंद करायच्या आधी, आणि बोगद्यात शिरायच्या आधी, ब्लोअर उघडा आहे ना ते बघायचं. ब्लोअर म्हणजे धुराड्यातून वर सुटणारी वाफेची धार, ती आग पुढे ओढून धरते. ती नसेल तर भट्टीचा जाळ उलटून दारातून अंगावर येतो. भुवया परत उगवतात, पण महिनाभर घरच्यांचे प्रश्न ऐकावे लागतात.

फूटप्लेटशिवायही रेल्वे आहे, हे बहुतेकांना जाऊन बघेपर्यंत पटत नाही. रूळ सांभाळणाऱ्यांच्या टोळीत सगळ्यात लवकर शिरकाव होतो, कारण तिथे माणसं कायम कमी. जुन्या पद्धतीचे रूळ 'चेअर' म्हणतात त्या लोखंडी बैठकींत लाकडी पाचरींनी अडकवलेले असतात. कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि पाचरी सुटून पडतात. मग हातोडा घेऊन मैलोन्‌मैल चालत एकेक पाचर ठोकत जायचं. मन लावून चालणाऱ्याला यासारखं काम नाही, पाठ दुखणाऱ्याने लांब राहावं.

सिग्नल केबिन हा शांत, नेटक्या माणसांचा प्रांत. लाल दांडे थांबा सिग्नलचे, पिवळे दूरच्या इशाऱ्याचे, काळे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे, निळे सांध्यांच्या कुलपांचे, पांढरे रिकामे. शेजारच्या केबिनशी घंटेच्या ठोक्यांत बोलायचं: आधी एक ठोका, म्हणजे 'लक्ष द्या'; मग थांबत जाणारी पॅसेंजर घेतोस का हे विचारायला तीन, थोडं थांबून एक; गाडी निघाली की दोन. गंमत म्हणजे इथेही फडकं सुटत नाही. दांड्याची मूठ घासूनपुसून लखलखीत ठेवलेली असते, उघड्या हाताने धरली तर घामाने गंजते. म्हणून हातात फडकं घेऊनच दांडा ओढायचा. मी एकदा पाहुणा म्हणून गेलो आणि नुसत्या हाताने मूठ धरली. केबिनवाल्या बाईंनी काही न म्हणता माझ्या खांद्यावर फडकं टाकलं.

तिकीट खिडकी, गार्ड, डब्यांची सुतारकी, रंगकाम, बाग हे सगळं तिथे गेलात की कळेलच. डब्यांच्या गाद्या शिवायला मात्र माणूस कुठेच मिळत नाही, शिवणकाम येत असेल तर अर्जात ठळक लिहा. आमची ही एकदा मला डबा द्यायला म्हणून आली, उसवलेली सीट पाहून "हे काय शिवलंय का तुरपाई केलीय" म्हणाली, आणि पुढच्या महिन्यापासून तिचा बुधवार तिकडेच जातो. तिला तीन महिन्यांत स्वतःची किल्ली मिळाली. मला चार वर्षं लागली.

वागण्याबद्दल दोन शब्द. पहिले सहा महिने सूचना करू नका. आपल्या लोकांना, विशेषतः आयटीवाल्यांना, दुसऱ्याच दिवशी ड्यूटीच्या यादीचं ॲप बनवून द्यायची खुमखुमी येते. तिथल्या फळ्यावरचा खडू पन्नास वर्षं चालतोय, चालू द्या. "जरा झाडशील का, फार त्रास नसेल तर?" याचा अर्थ 'आत्ता झाड' असा आहे. येणार म्हटलंत तर या, जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवा. ड्यूटीचा एक माणूस गळला तर कधी कधी फेरीच रद्द करावी लागते आणि फलाटावर नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा उभे असतात. चहा टाकायची पाळी आली तर कोणाला किती साखर ते लक्षात ठेवा. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं, त्याचा मला परीक्षेपेक्षा जास्त उपयोग झाला.

जाने-फेब्रुवारीत बऱ्याच रेल्वेंवर गाड्या बंद असतात, तेव्हा येणाऱ्याची किंमत दुप्पट. बॉयलरची बुचं काढून, पाण्याचा फवारा आणि सळया घालून आतला चुन्याचा थर आणि गाळ काढायचा असतो. हात बधिर होतात, बाहीतून गार पाणी काखेपर्यंत जातं. पण बॉयलरच्या आत पाहायला मिळतं ते तेव्हाच. साधारण दर दहा वर्षांनी तर इंजिन पुरतं उघडतात, बॉयलर सांगाड्यावरून उचलून बाजूला ठेवतात. तुमच्या शेडमध्ये असं काम सुरू असेल तर सुट्टी काढून जा.

घरी परतताना गाडीच्या सीटवर जुनी चादर टाका. ओव्हरऑल घरच्या मशीनमध्ये घालू नका. मी एकदाच घातलं होतं, त्यानंतरच्या धुण्यात माझे ऑफिसचे पाच पांढरे शर्ट करडे झाले आणि हिची एक चिकनची ओढणी. आता बाहेर पडवीत बादली ठेवलीय, त्यात सोडा आणि गरम पाणी. ओव्हरऑल रात्रभर तिथेच भिजतं, आणि सकाळी ते मीच घासतो.